शेवटपर्यंत टिकलेली चौघं

आमच्या कॉलेजात मुलांना वेबिनार चालवायला शिकवणारा वर्ग आहे, नोकरी मिळावी म्हणून. संस्थेचे अध्यक्ष दिगंबरराव फेटा बांधून या वर्गाच्या वेबिनारमध्ये भाषणाला बसले. अडीच तास बोलून शेवटी म्हणाले, "बटणं दाबायला कसली आलीय विद्या? उद्यापासून हा वर्ग बंद." मग ऐटीत विचारलं, "किती जणांनी ऐकलं?"

वेबिनार चालवणारी मंजुळा गिते म्हणाली, "सुरुवातीला तीनशे होते साहेब. शेवटी आम्ही चालवणारी चौघं उरलो. आम्हाला मधेच पळता येत नाही, वर्गात तेच शिकवतात."

"मग बाकीच्यांना कळवा, वर्ग बंद."

"त्यासाठी पुन्हा वेबिनार घ्यावा लागेल. आणि तो चालवणारा वर्ग तर तुम्ही आत्ताच बंद केलात."

वर्ग अजून चालू आहे. हे सगळं मला मंजुळाने सांगितलं, मी दहाव्या मिनिटाला निघालो होतो.