मेंढरांवर लिहिणारे गेनू मास्तर

आमच्या हिंगणमाळावर बैलगाडीची चाकोरीही उमटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पुढं सरकून बसा, मी काही ओरडून सांगणार नाही.

ओरडायचे ते गेनू मास्तर. अंगानं काडी, पण आवाज एवढा दांडगा, की शाळेत हजेरी घेतली तर विहिरीवरच्या बायका 'हजर' म्हणायच्या, असं म्हणतात.

गाव मेंढपाळांचं. दिवाळी झाली की सगळे मेंढरं घेऊन घाटाखाली चारणीला जायचे, ते उन्हाळा सरताना परत यायचे. पोरंही बरोबर जायची. परतेपर्यंत शिकलेलं सगळं वाटेत सांडलेलं असायचं, आणि मास्तर पुन्हा 'अ'पासून सुरू करायचे. किती वर्षं माणसानं 'अ'च शिकवायचा?

एका दिवाळीला मास्तरांनी शाळेला कडी लावली आणि कळपामागं चालू लागले. कळपाचा म्होरक्या होता म्हाकूबा, मोठ्या मिशांचा, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "मास्तर, माझ्या मेंढरांच्या कामाचं तुमच्याकडं काय हाय? घरी परतायच्या आत येक तरी गोष्ट दावा. न्हाईतर पाट्या हिरीत, आन् पोरं कायमची मेंढरामागं."

"कबूल," मास्तर म्हणाले.

कबूल म्हणायला काय जातंय? दिवसभर चालून पोरं अशी दमायची, की पाटी मांडीवर घेतली की बसल्या जागी झोपायची. पुस्तक एका कोकरानं खाल्लं, आणि त्याच्या तोंडावर काही विशेष शहाणपण दिसलं नाही. उन्हाळा लागला तरी एकाही पोराला 'क' धड येईना. मास्तर एक दिवस वाटेकडेच्या दगडावर बसून रडले. हसू नका, खरंच रडले. पोरांची शाळा कायमची जाणार होती ना.

तिथं म्हाकूबाची नात ठकी गेरू कालवत होती. वाटेत कोकरू जन्मलं की त्याच्या पाठीवर गेरूचा फराटा ओढायचा, म्हणजे आपलं कोकरू ओळखू येतं, ही सगळ्याच मेंढपाळांची रीत. ठकी म्हणाली, "मास्तर, रडू नगा. हे कोकरू बगा, आजच झालंय."

मास्तरांनी डोळे पुसले. तिच्या हातून गेरूची वाटी घेतली आणि फराट्याच्या जागी 'ग' काढला. मग कोकराच्या आईच्या पाठीवरही 'ग' काढला.

त्या दिवसापासून शाळा चालत्या मेंढरांवर भरू लागली. आईला जे अक्षर, तेच तिच्या कोकराला. अक्षरं संपली तेव्हा बाराखडी काढली. पोरं दिवसभर ज्यांच्या मागं चालायची, त्यांच्याच पाठी वाचायची, मग झोप कुठून येणार? म्हाकूबा मात्र मान हलवायचा. त्याला सगळंच लाल दिसायचं.

परतताना घाटात सकाळी दाट धुकं उतरलं. समोरून दुसऱ्या गावचा कळप आला आणि दोन्ही कळप एकमेकांत मिसळले. मोठ्या मेंढ्या कानाच्या खुणेवरून वेगळ्या झाल्या, पण कोकरांच्या कानाला अजून खुणा नव्हत्या, आणि गेरूच्या लाल खुणा तर दोन्हीकडच्या कोकरांवर होत्या. त्या कळपाचा म्होरक्या म्हणे ही कोकरं माझी, म्हाकूबा म्हणे माझी. दोन्हीकडच्या काठ्या वर झाल्या.

ठकी मधे घुसली. एक कोकरू उचलून म्हणाली, "हे 'गो'. ह्याची आई तिकडं." ती 'गो' लिहिलेल्या मेंढीपाशी गेली आणि कोकरू खाली सोडलं. मेंढी दुसरीचं कोकरू कधी पाजत नाही, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं. मेंढीनं कोकरू हुंगलं आणि उभी राहून पाजलं. मग सगळीच पोरं कामाला लागली. मोठ्यांना जिथं नुसते फराटे दिसत होते, तिथं पोरं भराभरा वाचत होती. काठ्या आपोआप खाली आल्या.

असं म्हणतात, पुढं पोरांना वाचावंही लागलं नाही. मास्तरांनी धुक्यात खड्या आवाजात हजेरी सुरू केली, आणि एकेक कोकरू 'बें' करत पुढं आलं. परक्या कळपातला एक एडकाही आला. त्याला शिकायची हौस असावी. म्हाकूबानं तो इमानानं परत केला.

सगळं निवडून झालं तेव्हा म्हाकूबा म्हणाला, "मास्तर, येक ऱ्हायलंय."

"कोणतं मेंढरू?"

म्हाकूबानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं आणि मास्तरांकडं पाठ करून खाली बसला.

मास्तरांनी गेरूची वाटी ठकीच्या हातात दिली. तिनं आजोबाच्या पाठीवर हा मोठा 'म' काढला. तो कसा दिसतो हे म्हाकूबा गावापर्यंत भेटेल त्याला विचारत आला.

मास्तर पुढं पिकलं पान झाले तरी कळपामागं जातच राहिले. ते गेले, त्यालाही आता फार काळ झाला. घाटात धुकं उतरलं की अजून हजेरी ऐकू येते, असं म्हणतात. मी ऐकलेली नाही, पण मेंढ्या कान टवकारतात, ते मी पाहिलंय.

आजही दिवाळीनंतर कळप निघायच्या सकाळी हिंगणमाळचा म्होरक्या शाळेपुढं पाठ करून बसतो. त्या वर्षी जे सगळ्यात लहान पोर लिहायला शिकलं असेल, ते त्याच्या घोंगड्यावर गेरूनं एक अक्षर काढतं. कधी ते वाकडं निघतं, कधी उलटं. म्होरक्या ते पुसत नाही. तसाच उठतो, आणि सगळा कळप त्या अक्षरामागं चालू लागतो.