भागाईला ओ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. मला ठाऊक नाही आणि माझ्या आज्यालाही नव्हतं.

कावळकड्याखाली गवताची उभी उतरण होती आणि तिच्या पायथ्याशी, ओढ्याच्या अलीकडे, गवळी धनगरांची चार घरं. पावसाळ्यात उतरण ओलांडायची, तर भागाई पुढे हवी. ती काठी आपटायची आणि कान द्यायची. जमीन ठक्क वाजली की चालायची, ढब्ब वाजली की मुकाट्याने मागे फिरायची. म्हणायची, "माती निस्ती झोपलीया. तिला जागं करायचं न्हाय." म्हणून उतरणीवर कुणी चकार शब्द काढत नसे. भागाईला मातीच्या पोटातलं पाणी ऐकू यायचं, असं म्हणतात.

एका श्रावणात झड लागली ती लागलीच. मग पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. भागाईची सून ठकू बाळंत झाली होती. त्या दिवशी पाचवी, म्हणून सगळी माणसं तिच्याच घरात जमलेली. भागाई तेवढी हरवलेलं रेडकू शोधायला वर गेली होती. घरांच्या माथ्यावर तिने काठी आपटली आणि सगळी उतरण ढब्ब बोलली. गवतात हात जाईल एवढी भेग पडली होती.

"ठकूऽऽ! भाईर पळा!"

खाली फक्त नाव पोचलं. आता धुक्यातल्या हाकेला ओ द्यायची नाही, ही तिथली रीत. चकवा दोनदा हाक मारतो, तिसरी त्याला मारता येत नाही. त्यात पाचवीचं बाळ घरात. भागाईची जाऊ सोनाई दारात आडवी बसली.

"गप ऱ्हावा. भागाई उतारावर कदी बोलती का? ते दुसरंच काय हाय."

दुसरी हाक आली.

"काकी, आत्याबाईंचाच आवाज हाय," म्हणत ठकू उठली. सोनाईने तिला हाताला धरून खाली बसवलं.

तिसरी हाक ओढ्यापलीकडून आली, अगदी जवळून. तिसऱ्या हाकेला उठायचंच असतं. बाळाला घेऊन सगळे ओढा ओलांडून गेले आणि मागे उतरण खाली आली. चारही घरं गेली. आवाज झालाच नाही, असं म्हणतात. नुसतं धुकं हललं.

पलीकडे कुणीच नव्हतं. समोरच्या टेकाडावर म्हशी चारणारा शेजारच्या वाडीचा धाकू रडत आला.

"भागाई गेली. दुसरी हाक मारली न् पायाखालची माती सरकली. धुकं फाटलं तवा म्या बघितलं."

मग तिसरी कुणाची, हे कुणी विचारलं नाही. आपण पहिल्याच हाकेला उठलो असतो, तर आत्याबाई तिथे थांबल्याच नसत्या, एवढंच ठकू रडत म्हणत राहिली.

धनगरवाडा आता ओढ्यापलीकडे आहे. तिथे पाचवीला बाळ अंगणात आणतात आणि सगळे मिळून कड्याकडे तोंड करून ओ देतात. एरवीही धुक्यात हाक आली की पहिल्याच हाकेला सगळी घरं "आलो गंऽऽ" म्हणत बाहेर पडतात. कुणी पाहुणा भीत भीत विचारतो, "चकवा असला तर?"

म्हाताऱ्या म्हणतात, "असू दे. न्हील आम्हास्नी. पर भागाईला परत ताटकळत ठेवायचं न्हाय."