राजा कुठे बसलाय?

फार पूर्वी, राजे लोकांत मिसळून बसत असत तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराळ मुलखातल्या राजाची रीतच न्यारी होती. वर्षातून एकदा तो कड्यासमोरच्या मोठ्या माळावर सभा भरवी. ज्याला गाऱ्हाणं मांडायचं असेल त्यानं मधल्या शिळेवर उभं राहून बोलायचं. राजा मात्र डोक्यावरून साधी घोंगडी पांघरून गर्दीतच कुठेतरी बसे. कुठे, ते कुणालाच ठाऊक नसे. त्यामुळे बोलणारे बिचारे बोलायचं सोडून राजालाच शोधत राहायचे!

त्या वर्षी गिरजा नावाच्या बाईवर बोलायची पाळी आली. नव्या राजवाड्याच्या तुळयांसाठी तिच्या गावची देवराई तोडायचा हुकूम सुटला होता. गावाचा एकुलता एक झरा त्या देवराईतच. झाडं गेली की झरा आटणार, झरा आटला की गाव उठणार. झरा राखायचं काम पिढ्यान् पिढ्या गिरजेच्या घराकडे, म्हणून गावानं तिलाच पुढं केलं.

"अहो पाटील, मला नका हो पाठवू," ती काकुळतीला आली. "चार माणसं बघितली तरी माझी बोबडी वळते."

"अगं, मी शिकवतो की तुला," पाटील म्हणाले. "राजा कोण ते हेरायचं, त्याच्याकडे बघून हात असा वर करायचा आणि सुरू करायचं, हे प्रजापालका, हे पृथ्वीपते!"

गिरजेनं ते सगळं घोकून पाठ केलं. दळताना, पाणी भरताना तिच्या तोंडी एकच, हे पृथ्वीपते!

सभेचा दिवस उजाडला. बाप रे, केवढी ती माणसं! पायाखालचा माळ दिसेना. आधी एक पैलवान बोलायला उठला. गडी धिप्पाड, आवाज खणखणीत. पण पुढच्याच रांगेत त्याला झुपकेदार मिशांचा एक रुबाबदार माणूस दिसला. झालं! हाच राजा असं ठरवून पैलवानानं सगळं गाऱ्हाणं त्याच्याकडेच बघत, हळू आवाजात, लाडीगोडीनं सांगितलं. बाकीच्यांना ओ की ठो कळलं नाही. शेवटी तो मिशीवाला संकोचून म्हणाला, "पैलवान, मी तेली आहे हो, शेजारच्या गावचा." पुढच्या रांगांत एकच हशा पिकला.

मग गिरजा शिळेवर चढली. तीही राजाला शोधू लागली. हा असेल का? की तो? शोधावं तशी नजर नुसती भिरभिरत गेली. "हे पृ... हे पृथ्वी..." आणि पाठ केलेलं सगळं पार पुसून गेलं. लोक कुजबुजू लागले. पाटलांनी कपाळाला हात लावला. आता आपल्यापायी गाव उठणार, असं वाटून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात तिची नजर एका म्हातारीवर गेली. गर्दीच्या अगदी कडेला, कानामागे तळहात धरून ती बसली होती. काही ऐकू येत नव्हतं, पण ऐकायची केवढी धडपड चालली होती! गिरजेचा जीव कळवळला. ही एवढी आशेनं बसलीय आणि आपण तिला एक शब्दही ऐकवू नये?

"आजी, येतंय का ऐकू?" तिनं कानाकडे बोट दाखवत विचारलं.

म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली.

गिरजेनं छाती भरून श्वास घेतला. "आजी, मी आमच्या झऱ्याचं सांगायला आलेय!"

म्हातारी बोळकं पसरून हसली. मग काय विचारता! गिरजा तिच्याशीच बोलू लागली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. उन्हाळ्यात सगळे ओढे आटले तरी देवराईच्या मुळांतून पाणी कसं झिरपतं, पहाटे आधी हरणं पितात आणि तोवर बाया हंडे घेऊन कशा थांबून राहतात, हे ती सांगत गेली. "आजी, झाडं पडली तर हे पाणी आम्ही कुठून आणायचं?"

कुजबुज कधी थांबली ते कळलंच नाही. रडणारी पोरंसुद्धा गप्प झाली. तिचा शब्द समोरच्या कड्यावर आदळून साऱ्या माळावर परत येत होता, "कुठून आणायचं... आणायचं..." गिरजेच्या अंगावर काटा आला. हा आवाज माझा? एवढा मोठा? हजारो माणसं श्वास रोखून बसली होती आणि तिला त्यातल्या एकाचीही भीती वाटत नव्हती. तिचं सांगून झालं.

मग पार मागून, चिंचेखालून एक माणूस घोंगडी बाजूला सारून उठला. तो राजा होता.

"बाई, देवराईला कुऱ्हाड लागणार नाही," तो म्हणाला. "मी दरवर्षी इथे मागेच बसतो. बोलणं इथवर कधी धड पोचत नाही. आज शब्दन् शब्द ऐकला. आणि तू तर माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस!"

गिरजेनं हात जोडले. "महाराज, तुम्हाला शोधत होते तोवर तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग त्या आजींना ऐकू जावं, एवढंच डोक्यात राहिलं."

तात्पर्य: चारचौघांत बोलायला उभं राहिल्यावर मोठं माणूस कुठे बसलंय ते शोधू नये. ज्याला ऐकणं सगळ्यात अवघड जातंय त्याला कळेल असं बोलावं. भीती आपोआप सरते आणि शब्द सगळ्यांपर्यंत पोचतात.