महाराजांच्या मिशीतली भेग

श्रीमंत तेजसिंहरावांच्या नव्या राजवाड्याला भेग पडली, आणि पडली ती थेट महाराजांच्या मिशीत!

दर्शनी भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत, एकसलग गिलावा होता आणि मधोमध महाराजांचा सिमेंटचाच उठावदार चेहरा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग गालावरून उतरली आणि मिशीचे दोन तुकडे करून गेली. दरबारी म्हणाले, ही तर भाग्यरेषा. महाराजांनी आरशातली मिशी पाहिली, भिंतीवरची पाहिली आणि रखमाजी गवंड्याला तुरुंगात टाकलं.

रखमाजीची लेक हौसा बापाच्या हाताखाली थापी धरूनच वाढलेली. ती तडक दरबारात आली.

"सरकार, माझ्या बापाचा गुन्हा काय?"

"आमच्या तोंडाला भेग पाडली."

"तो म्हणत होता, ओलं गोणपाट टाकून भिंत भिजत ठेवू. कोवळं सिमेंट उन्हात भराभर वाळलं की चिरतं. दिवाणजींनी टाकू दिलं नाही."

दिवाण अंताजीपंत उसळले. "महाराजांच्या तोंडावर ओलं गोणपाट? राजद्रोह आहे हा!"

"सरकार रोज न्हातात तेव्हा तोंडावरून पंचा फिरतोच की, दिवाणजी. तो काय कोरडाच राहतो?"

हसायचा हुकूम नव्हता, म्हणून दरबार खोकला.

महाराज म्हणाले, "फार बोलतेस. मग नवा गिलावा तूच कर. दसऱ्याला शेजारचे राजेसाहेब येताहेत. त्या दिवशी या भिंतीत कुठंही भेग सापडली, तर बापलेक दोघं हद्दपार!"

सिमेंट कुठं ना कुठं चिरणारच, हे हौसाला पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणावं तर बाप गजांआड, हो म्हणावं तर दोघं सीमेपार. ती हो म्हणाली.

जुना गिलावा पाडला, नवा चढवला, महाराजांचा चेहरा मिशीसकट पुन्हा घडवला. तो ओला असतानाच तिनं खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून थापीच्या टोकानं सरळ, खोल खाचा ओढल्या. महाराजांच्या चेहऱ्याभोवतीही खाचेची चौकट आखली.

दिवाणजी धावत आले. "अगं बये, भेग नको म्हणून सांगितलं, तर तू आपल्या हातानं भिंत चिरतेस?"

"नक्षी आहे ती. तुमच्या पगडीला एवढ्या घड्या आहेत, म्हणून ती काय फाटकी म्हणायची?"

दिवाणजी पगडी चाचपत निघून गेले. मग महाराजांच्या मुखावर ओलं गोणपाट चढलं. हौसा सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारी. येणारे-जाणारे त्या गोणपाटालाच मुजरा करून पुढं जात.

दसरा आला. पाहुणे राजेसाहेब भिंतीसमोर उभे राहिले. "वा, काय सुबक चौकटी! आणि मिशी तर हुबेहूब."

महाराज फुलले. तेवढ्यात भिंग घेऊन भिंतीला नाक लावलेले दिवाणजी ओरडले, "सापडली! खाचेच्या तळाशी, केसाएवढी!"

पाहुण्यांदेखत महाराजांचा चेहरा उतरला. "हौसा, ही भेगच ना?"

"भेगच, सरकार."

"मग गाठोडं बांध."

"बांधते. पण त्याआधी एक सांगा. तुमच्या तुरुंगात आज चोर किती?"

"असतील पाचपन्नास. त्याचं काय?"

"मग कोतवालाला अजून हद्दपार कसं नाही केलं?"

"वेडी की काय तू? चोर तुरुंगात नाही, तर कुठं असायचा?"

"तेच तर मी केलं. सिमेंट म्हटलं की भेग जन्मणारच. मोकळी सोडली की ती नेमकी मिशीत शिरते. म्हणून तिची कोठडी आधीच खणून ठेवली. खाचेत गिलावा पातळ, तिथंच ती गपगुमान चिरली. भिंतभर हिंडली नाही, मिशीला शिवली नाही. खरी आरोपी आत गेली, सरकार. आता माझ्या बापाला बाहेर काढा."

आधी पाहुणे हसले. मग महाराज असे हसले की त्यांची मिशी थरथरली. खरी मिशी. भिंतीवरची जागची हलली नाही.

रखमाजी त्याच घटकेला सुटला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं. "दरबाराची नवी भिंतही तूच कर."

"करीन, सरकार. पण तिला पाणी कोण मारणार?"

"दिवाणजी," महाराज म्हणाले. "भिंतीजवळ उभं राहायची त्यांना आता सवय झालीच आहे."