म्हशीच्या पाठीवरचा तांडेल

पूर्वी अपरान्ताच्या किनाऱ्यावर शंखपत्तन नगरात जयकेतू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या तांडेलांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव सुतीर. गलबते खाडीत आणायची आणि खाडीतून बाहेर काढायची, हेच त्याच्या घराण्याचे काम.

काम मुळीच सोपे नव्हते. शंखपत्तनची खाडी आत ऐसपैस, पण तिचे तोंड दोन कड्यांमध्ये आवळलेले. भरती-ओहोटीचे सगळे पाणी त्या चिंचोळ्या वाटेने धावायचे, खडकांवर आपटायचे, गरगर फिरायचे. लोक त्या वाटेला ‘दाढ’ म्हणत. तिच्यात सापडलेल्या गलबताची फळीसुद्धा परत मिळत नसे. दाढेच्या मध्यावर, एका अंगाला, बसलेल्या म्हशीसारखा काळा खडक होता. भरतीत म्हशीची पाठ भिजली की दाढेतले पाणी थोडा वेळ थांबते, तेवढ्यात आत शिरायचे, असा सगळ्या गावाचा ठोकताळा होता.

सुतीर मात्र कमरेला भाताच्या तुसाची चामडी पिशवी बांधून असे. म्हशीची पाठ भिजली तरी तो आधी मूठभर तूस पाण्यावर टाकी आणि ते जागच्या जागी राहते का बघे. राहिले तरच वल्ह्यांना हात लावू देई. लोक त्याला ‘तूसतांडेल’ म्हणून चिडवत. तो हसे आणि आणखी एक मूठ टाके.

एका आश्विनात तो पूर्णवसु नावाच्या व्यापाऱ्याचे गलबत घेऊन परतत होता. गलबतावर चाळीस माणसे होती. सकाळी दाढेसमोर नांगर टाकला आणि पूर्णवसूची नजर कड्यावर गेली. तिथे एक उंच काठी होती. कुणा दर्यावर्दीच्या घरी जिवावरचा प्रसंग आला की त्या घराच्या खुणेचे लाल वस्त्र तिच्यावर चढवीत. आज लाल वस्त्र फडफडत होते, आणि त्यावर दोन पांढरे मासे होते.

“माझ्या घराची खूण!” पूर्णवसु ओरडला. “आई! अहो, निघालो तेव्हाच ती अंथरुणाला खिळली होती. तांडेल, आत घ्या!”

“घेतो. पाणी थांबू दे.”

पूर्णवसूला धड बसवेना, धड उभे राहवेना. तो गलबताच्या पुढच्या नाळेपासून मागच्या वरामापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. दर वेळी म्हशीकडे बघायचा, मग काठीकडे. वस्त्र अजून वर होते, म्हणजे आई अजून होती. ते कधी खाली उतरेल याचा नेम नव्हता. अखेर एक लाट म्हशीच्या पाठीवरून सरकन गेली.

“भिजली! पाठ भिजली!” खलाशी वल्ह्यांकडे धावले.

सुतीरने तूस टाकले. ते जेमतेम क्षणभर डुलले आणि समुद्राच्या दिशेने पळत सुटले.

“नाही,” तो म्हणाला. “चार दिवस डोंगरात पाऊस पडतोय. नद्यांनी खाडी आतून फुगलीय. आज उधाण आहे, समुद्र अजून चढेल. तो खाडीच्या बरोबरीला आला म्हणजेच पाणी थांबेल. आत्ता शिरलो तर मागून वारा ढकलेल आणि समोरून पाणी. मधल्या मध्ये गलबत आडवं होईल.”

“आयुष्यभर म्हैस बघून आलो की आम्ही,” बलक नावाचा म्हातारा खलाशी कुरकुरला. “आज काय तुसाला जास्त कळतं?”

पूर्णवसूचा तोल सुटला. “तुझी आई मरत असती तर तूस उधळत बसला असतास काय रे? भित्रा कुठला! अर्धा माल तुझा, हवं तर सगळा घे, पण आत ने. नसेल जमत तर हो बाजूला, बलक नेईल!”

बलक पुढे झालाच. सुतीरने पाहिले की आता इथे त्याचे कोणी ऐकणार नाही. त्याला राग आला नाही. आईसाठी तळमळणाऱ्या त्या माणसाची आणि त्याच्यामागे मरायला निघालेल्या चाळीस जणांची त्याला दया आली.

“श्रेष्ठी, माल तुमचा तुम्हालाच राहू दे,” तो म्हणाला. “एवढंच करा. मी लहान होडी घेऊन आधी शिरतो. पोचलो तर खुशाल मागे या. नाही पोचलो, तर जिथे असेन तिथून मी हात वर करेपर्यंत थांबा.”

खलाशांनी होडी पाण्यात सोडली. सुतीर होडीत उतरला, छोटे शीड उभारले आणि दाढेत शिरला. मध्यावर पोचेपर्यंत सगळे ठीक दिसत होते. मग वाऱ्याने एकीकडे ओढले, पाण्याने दुसरीकडे, होडी गर्रकन आडवी फिरली आणि म्हशीवर आपटून फुटली. बलकाच्या हातून वल्हे गळून पडले.

एवढ्यात म्हशीच्या पाठीवर एक माणूस सरपटत वर आला आणि उभा राहिला.

“जिवंत आहे! चला, काढू त्याला!” पूर्णवसु ओरडला. पण सुतीरने पंजा समोर धरला. थांबा.

समुद्र चढू लागला. सुतीरच्या घोट्याशी पाणी आले. त्याने पिशवीतून मूठ काढून टाकली, तूस पळाले. पाणी गुडघ्यापर्यंत आले. पुन्हा मूठ, पुन्हा पंजा. कमरेपर्यंत आले. आता बलक रडत होता. पूर्णवसूने कठडा घट्ट धरला होता; कड्यावरच्या वस्त्राकडे बघायचेही त्याला सुचत नव्हते. एक लाट सुतीरच्या डोक्यावरून गेली. तो पुन्हा दिसला, पंजा अजून समोरच होता.

पाणी छातीला लागले तेव्हा त्याने शेवटची मूठ टाकली. तूस त्याच्याभोवती पसरले आणि तिथेच तरंगत राहिले. मग सुतीरने हात वर केला.

चाळीस जणांनी असे वल्हे कधी मारले नव्हते. गलबत दाढेतून अलगद आत आले. जाता जाता बलकाने दोर फेकला आणि सुतीरला वर ओढून घेतले. पूर्णवसूने त्याचे पाय धरले, पण सुतीर एवढेच म्हणाला, “आधी घरी जा.”

पूर्णवसु धावत घरी पोचला. त्याची आई धारिणी अजून शुद्धीवर होती. तिने त्याचा चेहरा चाचपला.

“आई, उशीर झाला गं. तांडेल येऊच देईना. तूस टाकत बसला.”

“सुतीर होता होय?” म्हातारी हसली. “मग बरं झालं. ते वस्त्र लावू नका म्हणून मी घरच्यांच्या किती विनवण्या केल्या, पण ऐकतंय कोण! तू जन्मलास त्या दिवशी मला कळा सोसेनात. मीच हट्टानं वस्त्र लावायला सांगितलं. तुझे वडील दाढेबाहेर होते. म्हशीची पाठ भिजलेली बघून ते तसेच शिरले. कुणाला कधी बोलले नाही. आज सकाळपासून मी डोळे मिटून एकच म्हणत होते, याला कोणीतरी थांबव रे.”

संध्याकाळी मुलाच्या मांडीवर तिने प्राण सोडला. दुसऱ्या दिवसापासून शंखपत्तनच्या प्रत्येक खलाशाच्या कमरेला तुसाची पिशवी दिसू लागली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका भिक्खूला सांगितली. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचा वर्षावास संपायला आठ दिवस उरले होते, नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती, आणि हा भिक्षापात्र आणि चीवर घेऊन निघायच्या तयारीत विहाराच्या दारात उभा होता. शास्ते म्हणाले, “त्या जन्मातली धारिणी ही आजची ती वृद्ध भिक्खुणी, जिने मघाशी तुझी वाट अडवली. बलक म्हणजे तुला नदी उथळ आहे म्हणून सांगणारा तुझा सोबती. तूसतांडेल मी होतो. आणि पूर्णवसु तू.”

“भन्ते, तेव्हाही मी असाच होतो?”

“तेव्हा तू निदान थांबलास.”

भिक्खूने पात्र खाली ठेवले आणि तो भिंतीला टेकून बसला. शास्ते म्हणाले, “नुसते वाट बघत बसणे म्हणजे क्षांती नव्हे. दुसऱ्याची घाई आपल्या छातीपर्यंत चढू द्यायची आणि तरी हात वेळेआधी वर करायचा नाही, ती क्षांती.”