साळुंकीने सांगितलेला उतार

नद्यांवर पूल बांधायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं, त्या काळची गोष्ट. एका शेळीला करडाला घेऊन नदीपलीकडच्या कुरणात जायचं होतं. पायी ओलांडता येईल असा उतार कुठे आहे, हे तिने काठावरच्या खेकड्याला विचारलं.

"काल तिसऱ्या दगडापाशी होता," खेकडा अडखळत म्हणाला. "पण पाणी वाढलंय. जरा... आत उतरून बघून येतो."

शेळीला घाई होती. तेवढ्यात जांभळीवरची साळुंकी म्हणाली, "अगं बाई, इथूनच जा की! गुडघाभर पाणी, पायाखाली मऊ वाळू!" कुठेही न अडता तिने अख्खी नदी वर्णून सांगितली. तिचे पाय कधी ओले झाले होते का, हे विचारायचं शेळीच्या मनातही आलं नाही.

चौथ्या पावलाला पाणी नाकाशी आलं. करडाचा कान दातांत धरून शेळी कशीबशी परत काठाला लागली.

संध्याकाळी साळुंकीने त्या बुडण्याची हकीकत इतकी सुरेख सांगितली की ससे रडले. दुसऱ्या दिवशी उतार विचारायला जांभळीखाली रांग लागली.

शेळी तेवढी खेकड्याच्या बिळाशी गेली.

"दुसऱ्या दगडाजवळ असावा," तो म्हणाला. "नाही... थांबा, बघून येतो."

"या बघून, दादा," शेळी म्हणाली. "मी बसलेय."