जड चाप

"...पण चाचा, हा ट्रिगर हलका होणार की नाही, तेवढंच सांगा!"

दाऊद मुजावर चहा फुंकत होते. बशीतला चहा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

जयसिंगपूरच्या एका जुन्या तंबाखूच्या वखारीत ते नेमबाजीचं केंद्र चालवत होते. तंबाखू जाऊन वर्षं झाली, तरी भिंतींना वास होता. नवखी पोरं पहिल्या दिवशी शिंकत.

केतकी इंगवले नवखी नव्हती. जिल्ह्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण राज्याच्या निवडीसाठी पुण्याला जायची वेळ आली, आणि तिची परदेशी एअर रायफल सील गळायला लागल्यामुळे दुरुस्तीला गेली. केंद्रात उरली एकच, जुनी, नळी मधून वाकवून छर्रा भरायची. तिचा ट्रिगर, चाचांच्या भाषेत चाप, भलताच जड होता.

"किती जड लागतो?" चाचांनी विचारलं.

"भरलेली घागर एका बोटानं ओढल्यासारखा."

"सुरुवातीपासून?"

केतकी थांबली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"नाही... शेवटी. निशाणा डुलत डुलत बरोबर मधोमध येतो. वाटतं, आत्ता! आणि नेमका तेव्हाच हा हलत नाही."

"मग?"

"मग मी ओढते."

"हं," चाचा म्हणाले. "म्हणजे तोवर जड नसतो."

"तसं नाही... तोवर मी दाबतच नसते."

"हं."

केतकीला वाटलं, आता काहीतरी सांगतील. चाचांनी बशी उपडी घातली.

"स्क्रू तरी सैल करा ना."

"जेवढा व्हायचा तेवढा झालाय. त्याच्यापुढं केला तर तो तुझं ऐकणार नाही."

"आता तरी कुठं ऐकतोय?"

चाचा हसले. केतकीला हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरावाच्या नावाखाली रायफल घेऊन बाहेर पडली आणि बाजारातल्या एका शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. आत एक खाच असते, चापाचा दात तिच्यात अडकतो, एवढं तिने कुठंतरी पाहिलं होतं. त्याला ती खाच घासायला लावली. तो नको म्हणत होता. "बंदुकीतलं मला काय कळतंय, ताई?" तिने आग्रह धरला.

संध्याकाळी वखारीत तिने नेम धरला, बोट नुसतं टेकवलं, आणि छर्रा गेला. दहा. पुन्हा दहा. तिला रडू येईल असं झालं. इतके दिवस ती मनातल्या मनात उगीच स्वतःला दोष देत होती. दोष लोखंडात होता!

चाचा उठून तिच्या टेबलाजवळ आले.

"हलका झाला वाटतं?"

"रेशमासारखा! बघा तरी."

तिने नवा छर्रा भरला. मग दाखवायच्या घाईत रायफल त्यांच्याकडे वळवत टेबलावर ठेवू लागली. दस्त्याचा कोपरा टेबलाच्या कडेला आपटला, आणि नळी खाली झुकली.

फट्!

तिचं बोट चापावर नव्हतं. चापाच्या जवळही नव्हतं.

चाचा होते तसेच उभे होते.

"बघितलं," ते म्हणाले. "आणखी किती हलका करायचाय?"

"चाचा..."

"काय?"

"तुमचा पाय."

त्यांनी खाली पाहिलं. डाव्या चपलेच्या पट्ट्याजवळून रक्ताची रेघ फरशीवर उतरत होती. ते दुसऱ्याच कुणाच्या पायाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"लागलं का मला?"

केतकीने खाली वाकून चपलेचा पट्टा सोडवला.

"अंगावरून वारं गेलं तेव्हापासून ही बाजू अशीच आहे, पोरी. चालतो, धरतो. कळत मात्र काही नाही."

पाच वर्षं ती त्यांच्याकडे येत होती. ते पाय जरा ओढत चालतात, हे तिने पाहिलं होतं. का ओढतात, ते कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी छर्रा काढला, टाके घातले. कसा लागला, असं विचारल्यावर चाचा म्हणाले, "जवळ उभा होतो." केतकी दाराशी उभी राहून ऐकत होती. त्यांनी तिचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ते तिच्यावर ओरडलेही नाहीत. रिक्षात बसताना फक्त म्हणाले, "बंदूक माझ्या टेबलावर ठेव. भरू नको."

त्यानंतर ती वखारीत गेली नाही.

घरी आईने विचारलं तर पोट दुखतंय म्हणाली. अंथरुणात पडून ती उजव्या हाताचं पहिलं बोट वाकवायची, सरळ करायची. जड होता तेव्हा माझं चुकत होतं. हलका झाला तेव्हा चुकलं नाही, आणि त्यातूनच सगळ्यात मोठी चूक झाली. मग चुकत होतं तरी काय? तिचं डोकं तिथंच गरगरायचं. चाचा एकदा रागावले असते तर निदान उत्तर मिळालं असतं.

पुण्याला निघायचा दिवस जवळ आला तशी ती एका दुपारी गेली. सांगून मोकळं व्हायचं, एवढंच ठरवलं होतं.

चाचा बँडेजचा पाय खोक्यावर ठेवून बसले होते. समोर ती रायफल. आत नवा भाग बसवला होता.

"मी पुण्याला जात नाही, चाचा."

"बरं."

ती वाट पाहत राहिली.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. बस."

"मला ती बंदूक हातात घ्यायची नाही."

"हात नको लावू. नुसती बस."

ती बसली. चाचांनी रायफल टेबलावरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवली, लक्ष्याकडे वळवली. मग म्हणाले, "बघ तरी, नवा भाग कसा बसलाय."

तिला नाही म्हणवेना. तिने छर्रा भरला, दस्ता खांद्याला लावला. चाप आधीसारखाच होता, उलट जास्तच जड. निशाणा मधोमध आला. तिने ओढलं. छर्रा काळ्या गोलाच्या काठाला लागला.

"तेच," ती म्हणाली. "तेच तर होतं माझं!"

"भर."

तिने पुन्हा छर्रा भरला. चाचा आपलं स्टूल सरकवत तिच्या डाव्या हाताला, टेबलाला लागून बसले. उजव्या हाताने त्यांनी आपल्या डाव्या हाताचं पहिलं बोट उचललं, एखादी काडी उचलावी तसं, आणि चापाच्या कड्यातून आत सरकवून चापावर ठेवलं.

"आता तुझं बोट माझ्या बोटावर ठेव."

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. ते लक्ष्याकडे पाहत होते.

"चाचा, हे कशाला?"

"ठेव."

तिने बोट ठेवलं. त्यांचं बोट गार होतं. हाड तेवढं लागत होतं. चाप कुठं आहे, तिला कळेना.

"दाब."

"मला चाप लागतच नाहीये."

"दाब तू."

"चापाची कड रुतेल तुम्हाला."

चाचांनी बोट तिथंच राहू दिलं.

तिने थोडंसं दाबलं. थांबली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही दिसलं नाही. आणखी थोडं दाबलं. बँडेजचा पाय तिच्या नजरेच्या कडेला होता. निशाणा डुलत मधोमध आला, गेला, पुन्हा आला. ती त्याच्यासाठी थांबली नाही, घाईही केली नाही. तिचं सगळं लक्ष त्या गार बोटात होतं. किती दाबलं म्हणजे जास्त होईल? अजून थोडं... अगदी थोडं...

आवाज झाला तेव्हा ती दचकली.

चाचांनी दुर्बीण तिच्याकडे सरकवली. छर्रा बरोबर मधोमध होता.

ती पाहत राहिली. दुर्बिणीवरून डोळा काढून पुन्हा लावला.

"हा कुणी मारला?"

चाचांनी तिच्या बोटाकडे पाहिलं.

"ट्रिगर तोच आहे?"

"तोच."

"मग हलका कसा लागला?"

"लागला का?"

केतकी विचारात पडली. "नाही... हलका नाही. जड होता की नाही, तेच मला आठवत नाही."

बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. वखारीचे पत्रे थरथरले आणि थांबले.

"पण चाचा," शेवटी ती म्हणाली, "पुण्याला तुमचं बोट मी कुठून आणू?"

चाचांनी उजव्या हाताने ते बोट कड्यातून अलगद काढलं. चापाची कड त्याच्यावर उमटली होती. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"या बोटाला काही कळत नाही, केतकी. तुला ठाऊक होतं... मग मघाशी एवढं जपत होतीस, ते कुणाला?"